जुने फौजी बटण: साल कसे ओळखावे

जुन्या बाजारात किंवा घरातल्या ट्रंकेत ब्रिटिश अमदानीतले फौजी बटण आजही हाती लागते. त्याचा काळ एका खुणेवरून ठरत नाही. सगळ्या खुणांचा मेळ बसला पाहिजे.

काय करावे

- मुकुट पाहा. कमानींच्या मधोमध खळगा असेल, तर भारतीय पलटणीचे बटण बहुधा व्हिक्टोरियाच्या काळातले, म्हणजे १९०१ पूर्वीचे. कमानी खळग्याविना गोलाकार असतील, तर ते १९०१ नंतरचे. दुसऱ्या एलिझाबेथच्या मुकुटालाही खळगा आहे. पण ती गादीवर आली १९५२ मध्ये, आणि भारत १९५० मध्येच प्रजासत्ताक झाला होता. त्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.
- क्रमांक वाचा. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे मराठा पलटणींचे क्रमांक १९०३ ते १९२२ या काळातले. १९२२ मध्ये या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत एकत्र आल्या.
- ब्रिटिश पलटणींचा हिशेब वेगळा ठेवा. तिथे साध्या शिपायाची बटणे १८५५ मध्ये जस्ती रंगाच्या प्यूटरऐवजी पितळेची झाली. १८७१ मध्ये त्यांवरचा पलटणीचा क्रमांक जाऊन राजचिन्ह आले. अधिकाऱ्यांच्या बटणांवर क्रमांक १८८१ पर्यंत टिकला.
- पाठ वाचा. फर्मिन, जेनन्स, गॉन्ट अशी कारखानदारांची नावे तिथे असतात. नाव आणि पत्ता वेळोवेळी बदलत गेल्याने काळाचा पल्ला आखडता येतो.
- व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. मोठे बटण कोटाच्या छातीवरचे, लहान बहुधा बाहीचे किंवा टोपीचे.
- कुठे, कोणाकडून मिळाले ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

काय टाळावे

- पितळ घासून चकचकीत करू नका. सोन्याचा मुलामा उडतो, अक्षरे झिजतात. मऊ, कोरडा ब्रश पुरे.
- कारखान्याच्या नावावर भुलू नका. फर्मिन सतराव्या शतकापासून चालत आलेली कंपनी. नुसत्या नावाने बटण जुने ठरत नाही.
- बोथट नक्षीवर विश्वास ठेवू नका. अस्सल बटणाची नक्षी ठशाने उठवलेली, रेखीव असते. ओतीव नकलेत ती मऊ पडते.
- किल्ल्यावर किंवा संरक्षित स्मारकात उकरू नका. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर कलेक्टरला देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.
- बटणाला लढाई चिकटवू नका. ठसा घडणीचा काळ सांगतो, ते कोणत्या रणांगणावर गेले हे नाही. पुरावा नसेल तर '१९०३ ते १९२२' एवढेच लिहा. ज्या शिपायाने ते अंगावर वागवले, त्याच्या नावाने खोटी कथा सांगू नये.