नागरिकांची नोंदवही आणि सिंगापूरचे काळे वानर



संशोधन हे फक्त पदवीधरांचे काम, असा आपल्याकडे एक समज आहे. सिंगापूरच्या एका वानराची हकीकत त्या समजाला छेद देते.

'रॅफल्सचा पट्टेरी लंगूर' हे काळे, लांब शेपटीचे वानर. मांडीच्या आतल्या बाजूस पांढरा पट्टा असतो. १८३८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. पुढे जंगल तुटत गेले. बुकित तिमाच्या राखीव जंगलातील शेवटचे वानर १९८७ साली कुत्र्यांच्या हल्ल्यात मेले. बेटाच्या मध्यभागातील जंगलात जेमतेम दहा-वीस उरले. २०१० च्या सुमारास अँडी अँग या संशोधिकेच्या अभ्यासात ही संख्या चाळीसच्या आसपास भरली. आज ती साठाच्या वर आहे. सिंगापूरखेरीज फक्त मलेशियाच्या दक्षिण भागात ते आढळते. २०२० साली विष्ठेतील जनुकीय अंशांच्या तपासणीवरून ही स्वतंत्र जात असल्याचे ठरले आणि तिची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली.

हे वानर लाजाळू, उंच शेंड्यांवर फिरणारे. एकटा संशोधक किती ठिकाणी पुरा पडणार? म्हणून २०१६ साली स्थापन झालेल्या कार्यगटाने सामान्य नागरिकांना हाताशी धरले. नोकरदार, विद्यार्थी, सेवानिवृत्त माणसे जंगलवाटांनी फिरून नोंदी करू लागली.

नोंद म्हणजे 'वानर पाहिले' एवढेच नव्हे. तारीख, वेळ, नेमकी जागा, किती मोठे, किती पिल्ले, काय खात होते, कोणत्या दिशेला गेले, हे सारे जागच्या जागी लिहावे. घरी येऊन आठवून लिहिलेल्या आकड्यावर माझा तरी विश्वास नाही! ओळखही पक्की हवी. तेथे तपकिरी लांबशेपट्या माकडांची गर्दी असते, आणि अलीकडे डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पांढरी वर्तुळे असलेले दुसरेच लंगूरही दिसू लागले आहे. पट्टेरी लंगुराचे तान्हे पिल्लू मात्र पांढरे असते, पाठीवर काळी रेघ. ते चुकणे कठीण.

खरी अडचण दुहेरी मोजणीची. सकाळी आठला पाहिलेली टोळी दुपारी दुसऱ्या वाटेवर भेटली, तर सहाची बारा होतात. मग जात सावरली असे वाटून सारेच निर्धास्त होतात. यासाठी टोळी एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घेत असताना एकेक मोजावे, आणि वेळ व दिशा दुसऱ्याच्या नोंदीशी ताडून पाहावी. काहीच दिसले नाही, तर 'तीन तास, शून्य' असेही लिहावे. शून्य लिहायला पुष्कळांना संकोच वाटतो. पण वानर कोठे नाही हे त्यावाचून कळत नाही.

ओल्ड अप्पर थॉमसन रस्त्यावर वानरांसाठी दोरीचे पूल टांगले आहेत. असे पूल कोठे टांगावेत, हे ठरवण्यास वानरे रस्ता कोठे ओलांडतात ते ठाऊक असावे लागते.

सरावासाठी आपल्या गावची काळतोंडी वानरे पुरेत. महिनाभर एकच टोळी, एकच वही. खाऊ देऊ नये, जवळ जाऊ नये. दोघांनी वेगवेगळे मोजावे आणि आकडे नंतरच एकमेकांस दाखवावेत.