ग्रब रेस्क्यू आणि आमची श्रमनिद्रा

मित्रांनो, तुळजापुरात राहणाऱ्याला श्रमनिद्रा म्हणजे काय हे सांगायला नको. तरी फर्स्ट इयरच्या नवीन मंडळींसाठी सांगतो. दसऱ्यानंतर तुळजाभवानी देवीची मूर्ती निद्रेसाठी पलंगावर नेतात आणि कोजागिरी पौर्णिमेला देवी पुन्हा सिंहासनावर येते. वर्षातल्या तीन निद्रांपैकी ही एक. मागच्या वर्षी त्याच दिवसांत आमच्या रूममधला संगणकही झोपला. फरक एवढाच, की त्याला मीच झोपवला होता आणि उठवायचा कसा हे मला माहीत नव्हते.

झाले काय?

संगणक माझा नाही, रूम पार्टनरचा. सोयाबीनचे पैसे आल्यावर त्याच्या वडिलांनी सेकंडहँड घेऊन दिलेला. त्यात विंडोज आणि उबुंटू दोन्ही. आमच्या प्रोजेक्टचे चार महिन्यांचे कोडिंग उबुंटूमध्ये, आणि सोमवारी रिव्ह्यू. बॅकअप? "घेऊ की उद्या," असं आम्ही दोघेही जूनपासून म्हणत होतो.

पार्टनर गावाला गेला होता. डी ड्राइव्ह भरला होता, ई रिकामा पडलेला. मला पिक्चर कॉपी करायचे होते. मी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ई डिलीट केला आणि ती जागा डी ला जोडून टाकली. रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर तीन ओळी आल्या :

एरर: अननोन फाइलसिस्टम.
एंटरिंग रेस्क्यू मोड...
ग्रब रेस्क्यू>

पाच मिनिटांत अख्खा कॉरिडॉर गोळा झाला. कुणी म्हणे हार्डडिस्क गेली. कुणी म्हणे, "फॉरमॅट मार, अर्ध्या तासाचं काम." सोलापूर ४५ किलोमीटरवर, पण कोजागिरीला चालत येणाऱ्या भाविकांनी रस्ता भरलेला. तेवढ्यात पार्टनरचा फोन. "काय रे, चालू हाय ना समदं?" मी म्हणालो, "हो." ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

मेसेज लिहिला कुणी?

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या सरांना गाठले. त्यांनी उत्तर दिलेच नाही, उलट विचारले, "संगणक पूर्ण मेला असता तर ही तीन ओळी लिहिली कुणी?" तिथून गाडी रुळावर आली.

जुन्या पद्धतीच्या संगणकात बायोस सुरू झाल्यावर हार्डडिस्कचा पहिला सेक्टर वाचतो. त्याला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. आकार फक्त ५१२ बाइट. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट पार्टिशन टेबलसाठी आणि शेवटचे २ बाइट सहीसारखे. ६४ बाइटमध्ये १६-१६ बाइटच्या चारच नोंदी बसतात, म्हणून प्रायमरी पार्टिशन चारच. त्याहून जास्त हवी असतील तर एक एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशन करायची. त्यांचे नंबर ५ पासून सुरू होतात. हा नंबर ५ लक्षात ठेवा.

ग्रब म्हणजे ग्रँड युनिफाइड बूटलोडर. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली. एवढा मोठा प्रोग्रॅम ४४६ बाइटमध्ये मावत नाही, म्हणून तो तुकड्यांत राहतो. छोटा तुकडा पहिल्या सेक्टरमध्ये, त्याचा गाभा त्यामागच्या मोकळ्या जागेत, आणि मेनू व बाकीचे सामान लिनक्सच्या पार्टिशनमध्ये, बूट फोल्डरच्या आत ग्रब फोल्डरमध्ये. ते सामान कुठल्या नंबरच्या पार्टिशनमध्ये आहे, याची चिठ्ठी गाभ्याजवळ असते. तिचे नाव प्रीफिक्स.

आता आपल्या हॉस्टेलचे उदाहरण घ्या. मेसच्या पोऱ्याजवळ चिठ्ठी आहे : डबा रूम नंबर ७ ला. मधल्या काळात ५ आणि ६ मधली भिंत पाडून एकच रूम केली आणि दारांवर नवे नंबर रंगवले. जुनी ७ आता ६ झाली. पोऱ्या बिचारा ७ ठोठावतो, तिथे अडगळीची खोली. तो म्हणतो, "इथं कोण माणूस राहत नाही." माणूस मेलेला नाही, नंबर बदललाय!

आमचे नेमके हेच झाले. डी म्हणजे ५, ई म्हणजे ६, उबुंटू ७ आणि स्वॅप ८. ई उडवल्यावर लॉजिकल पार्टिशनची साखळी एकेक नंबर पुढे सरकली. उबुंटू झाले ६ आणि ७ वर आले स्वॅप. स्वॅपमध्ये फाइलसिस्टम नसतेच, म्हणून मेसेज : अननोन फाइलसिस्टम.

आता दुरुस्ती

(मराठी विभाग म्हणून आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरे वापरा. जोडलेले पेनड्राइव्ह आधी काढून ठेवा.)

१. रेस्क्यूमध्ये चारच आज्ञा चालतात : एलएस, सेट, अनसेट आणि इन्समॉड. आधी नुसते एलएस द्या. सगळ्या पार्टिशनची यादी येते.

२. एकेक पार्टिशन उघडून बघा : एलएस (एचडी०,एमएसडॉस६)/ . शेवटची तिरकी रेघ विसरू नका. विंडोजच्या पार्टिशनवरही अननोन फाइलसिस्टम येईल. घाबरू नका, गाभ्याला या घडीला फक्त लिनक्सची भाषा येते. ज्यात बूट, होम, ईटीसी अशी नावे दिसतील, ते तुमचे घर.

३. चिठ्ठी दुरुस्त करा :
सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस६)/बूट/ग्रब
सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस६)
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

नेहमीचा मेनू येतो. पुढे उबुंटू आपोआप सुरू होते, कारण मेनूमध्ये पार्टिशन नंबरने नाही तर यूयूआयडीने शोधलेले असते. यूयूआयडी म्हणजे आपला पीआरएन. रूम बदला, पीआरएन तोच.

४. ही दुरुस्ती फक्त त्या वेळेपुरती. चिठ्ठी डिस्कवर कायमची लिहायला उबुंटूच्या टर्मिनलमध्ये :
सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए
सुडो अपडेट-ग्रब
एसडीएच्या पुढे नंबर लावायचा नाही. ग्रब आख्ख्या डिस्कच्या सुरुवातीला बसवायचा आहे.

कुठल्याच पार्टिशनमध्ये लिनक्स दिसले नाही तर तेच पार्टिशन डिलीट झालेले असू शकते. अशा वेळी डिस्कवर काहीही नवीन लिहू नका. लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून टेस्टडिस्कने हरवलेले पार्टिशन शोधता येते. आणि नवीन यूईएफआय लॅपटॉपवाल्यांनी लक्षात घ्यावे, की तिथे ग्रब वेगळ्या ईएफआय पार्टिशनमध्ये असतो. कारण ओळखायची रीत तीच, पण वरची चौथी पायरी जशीच्या तशी उचलू नका. लिनक्सचे धडे मराठीतून ऐकायचे असतील तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल जरूर पाहा.

शेवटी

रात्री अकराला मेनू दिसला तेव्हा कॉरिडॉरमध्ये मसाला दूध चालू होते. कोजागिरीच ती. सगळ्यात आधी मी आख्खे होम फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवले. मग पार्टनरला फोन लावला आणि सगळे खरे सांगितले. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "काल विचारलं तवा सांगायचं होतंस." संगणक चालू होता, प्रोजेक्ट शाबूत होता, तरी त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सोमवारी रिव्ह्यू झाला. त्यानंतर दर शनिवारी आम्ही दोघे मिळून बॅकअप घेतो. पेनड्राइव्ह तोच जवळ ठेवतो, आणि मला ते मान्य आहे.

तर मित्रांनो, काळा पडदा आला की "फॉरमॅट मार" म्हणणाऱ्याला आधी चहाला पाठवा. मेसेज शब्दशः वहीत उतरवून घ्या. यंत्र कुठपर्यंत येऊन थांबले, हे ते बिचारे स्वतःच सांगत असते. आणि दुसऱ्याचे यंत्र असेल, तर त्याच्या मालकाला पहिला फोन करा.