शिडाच्या जहाजावरील दिनचर्या

मुळशी तालुक्यांतील माले गांवाजवळ धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. त्याचें पाणी दोन वाटांनीं समुद्रास मिळतें. धरणांतून सोडलेलें पाणी मुळा नदीनें पूर्वेकडे जातें आणि पुढें भीमा व कृष्णा यांच्या संगतीनें बंगालच्या उपसागरास पोंचतें. पश्चिमेकडे वळविलेलें पाणी सह्याद्रीचा कडा उतरून भिरा येथील वीजघर चालवितें व कुंडलिका नदीनें रेवदंड्याजवळ अरबी समुद्रांत पडतें. डोंगरांतलें पाणी असें रोज समुद्राकडे जात असतें. पण डोंगरांतलीं माणसें समुद्रावर जाऊन तेथें कशीं राहतात, हें मात्र आमच्या बालवाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. तें सांगण्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों.

पृथ्वीप्रदक्षिणेस गेलेल्या आपल्या देशाच्या दोन नौकांचीं उदाहरणें आम्ही घेतों. पहिली ‘म्हादेई’. गोव्यांत मांडवी नदीच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ती बांधली गेली. भारतीय माणसानें भारतांत बांधलेल्या शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धांत वीरचक्र मिळविलेले हे वृद्ध सेनानी निवृत्तीनंतर समुद्रापासून दूर, फलटणजवळ विंचुर्णी येथें राहत असत. त्यांची कल्पना कमांडर दिलीप दोंदे यांनीं प्रत्यक्षांत आणिली. १९ ऑगस्ट २००९ रोजीं ते मुंबईहून एकटेच निघाले आणि वाटेंत चार बंदरीं थांबून मे २०१० मध्यें सुखरूप परतले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत.

दुसरी नौका ‘तारिणी’. हीहि त्याच कारखान्यांत बांधलेली. १० सप्टेंबर २०१७ रोजीं नौदलाच्या सहा स्त्री अधिकारी तिच्यांतून गोव्याहून निघाल्या. वर्तिका जोशी या प्रमुख. प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, एस. विजया देवी आणि पायल गुप्ता या त्यांच्या सहकारी. दोंदे यांनीं त्यांस शिकविलें होतें. यांतील एक हृषीकेशची, एक कुलूची, एक डेहराडूनची, एक मणिपूरची. या चारी प्रदेशांस समुद्रकिनारा नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

तारिणीची लांबी अवघी १७ मीटर व रुंदी ५ मीटर. एवढ्याशा जागेंत सहा जणींचें घर, स्वयंपाकघर, कोठार आणि कचेरी. डोलकाठी मात्र सुमारें २५ मीटर उंच. या नौकेनें २१,६०० सागरी मैलांचा प्रवास केला. हा आंकडा कोठून आला, हें गणिताच्या विद्यार्थ्यांनीं पाहावें. पृथ्वीच्या परिघाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला. ३६० गुणिले ६० म्हणजे २१,६००. एका कलेचें अंतर तोच एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर. या प्रवासास २५४ दिवस लागले. त्यांपैकीं १९९ दिवस प्रत्यक्ष समुद्रावर गेले. भागाकार केला असतां ताशी सरासरी साडेचार सागरी मैल, म्हणजे सुमारें सव्वाआठ किलोमीटर वेग निघतो. सावकाश धांवणारा माणूसहि इतक्या वेगानें जातो. पण माणूस तासाभरांत थकून बसतो. नौका रात्रंदिवस चालत असते. यांतच शिडाच्या जहाजाचें सारें सामर्थ्य आहे.

नौका रात्रंदिवस चालते, म्हणून तिच्यावर रात्रंदिवस कोणीतरी जागें असावें लागतें. जुन्या मोठ्या जहाजांवर खलाशांच्या दोन टोळ्या करीत व चार चार तासांचे पहारे वांटून देत. अर्ध्या अर्ध्या तासानें घंटा होई. आठ ठोके पडले कीं पहारा बदले. परंतु चोवीस तासांचे असे सहाच पहारे होतात. मग मध्यरात्रीचा पहारा रोज एकाच टोळीच्या वांट्यास येणार! हा अन्याय टळावा म्हणून सायंकाळीं चार ते आठ या पहाऱ्याचे दोन भाग करीत. त्यामुळें पहारे सात होत, आणि आज जी टोळी मध्यरात्रीं जागली ती उद्यां त्या वेळीं निजे. न्याय हा कायद्याच्या मोठ्या पुस्तकांतच असतो असें नाहीं. तो अशा साध्या हिशेबांतहि असतो.

पहाऱ्यावरील माणसानें सुकाणू, होकायंत्र, वारा आणि क्षितिज यांवर लक्ष ठेवावयाचें. वारा वाढला कीं शीड आंखडावयाचें, मंदावला कीं उलगडावयाचें. दोर कोठें घांसून झिजला आहे काय, हें रोज पाहावयाचें. कारण आज झिजलेला दोर उद्यांच्या वादळांत तुटतो. बाहेर वावरतांना कमरेचा पट्टा दोरानें नौकेस बांधलेला असावा लागतो. रात्रीच्या अंधारांत पाण्यांत पडलेलें माणूस पुन्हां सांपडणें फार कठीण.

आतां घरांतील व्यवस्था पाहूं. नौका एका कुशीवर कललेली असते, म्हणून शेगडी अशी टांगलेली असते कीं नौका झुकली तरी भांडें सरळ राहावें. ताज्या भाज्या व फळें थोड्या दिवसांत संपतात. मग डाळ, तांदूळ, सुकें व डबाबंद अन्न यांवर निर्वाह. पूर्वीं ताज्या फळांच्या अभावीं खलाशांच्या हिरड्या सुजून रक्त येई व शेंकडों दगावत. १७४७ मध्यें जेम्स लिंड नांवाच्या वैद्यानें बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. ज्यांस संत्रीं व लिंबें दिलीं ते सर्वांत लवकर बरे झाले. आपल्या पानांतील लिंबाच्या फोडीस किती मोल आहे, तें यावरून समजावें. गोड्या पाण्याचेंहि तसेंच. चहूंकडे पाणी, पण पिण्याजोगें थोडें. म्हणून भांडीं समुद्राच्या पाण्यानें घासावयाचीं आणि पावसाची सर आली कीं पाणी धरून ठेवावयाचें. निजण्याच्या जागेसहि कापडाची भिंत बांधावी लागते, नाहींतर लाटेसरशी निजलेलें माणूस खालीं यावयाचें!

पूर्वेकडे जाणाऱ्या नौकेवर काळहि बदलतो. दर पंधरा रेखांशांस घड्याळ एक तास पुढें करावें लागतें. पॅसिफिक महासागरांत वाररेषा ओलांडतांना एकच तारीख दोनदां येते. अशा रीतीनें प्रदक्षिणा करून येणारा प्रवासी घरच्या माणसांपेक्षां एक सूर्योदय अधिक पाहतो. हें कसें, तें विद्यार्थ्यांनीं पृथ्वीचा गोल हातीं घेऊन स्वतःच शोधावें. सण मात्र घरापासून दूरच येतात: तारिणीवरील मंडळींची दिवाळी हिंदी महासागरावर, तर नाताळ पॅसिफिकवर झाला.

दक्षिण गोलार्धांत चाळीस अंशांच्या पलीकडे वाऱ्यास अडविणारी जमीन फार थोडी. म्हणून तेथें पश्चिमेचे वारे सतत घोंघावत असतात. न्यूझीलंडहून फॉकलंड बेटांकडे जाण्यास तारिणीला सुमारें चाळीस दिवस लागले. या टप्प्यांत वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांच्याहि वर गेला. १९ जानेवारी २०१८ रोजीं तिनें केप हॉर्न हें दुस्तर भूशिर ओलांडलें. पुढें केप टाउन सोडल्यावर सुकाणूची यंत्रणा बिघडली. आंखलेल्या मार्गांत नसलेल्या मॉरिशस बेटावर ती एप्रिलमध्यें दुरुस्तीसाठीं नेली आणि २१ मे २०१८ रोजीं ती गोव्यास परत आली.

सहा जणींस एकमेकींचा आधार तरी होता. म्हादेईवर दोंदे एकटे. पहारेकरी तेच, आचारी तेच, सुतार व शिंपीहि तेच. एकट्या खलाशानें सुकाणू स्वयंचलित यंत्राच्या स्वाधीन करून तुकड्यातुकड्यांनींच झोंप घ्यावयाची. गजर झाला कीं उठून क्षितिज पाहावयाचें. काम टाळलें तर तें करणारें दुसरें कोणी नसतें, आणि ‘मग पाहूं’ म्हणण्याची शिक्षा समुद्र तत्काळ देतो.

समुद्रावरचें धैर्य म्हणजे वादळांत केलेला एखादा पराक्रम, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचें मत निराळें आहे. वादळाचे दिवस थोडे. दोर तपासण्याचे, पाणी मोजून वापरण्याचे, झोंपेंतून उठून वेळेवर पहाऱ्यास उभें राहण्याचे दिवस पुष्कळ. हे दिवस ज्यांनीं नीट घालविले, तेच वादळांतून तरले. हृषीकेशच्या आणि कुलूच्या मुलींस हें जन्मानें आलें नव्हतें. त्यांनीं तें अभ्यासानें मिळविलें. आईबापांनीं मुलांस वेळेवर उठावयास व घेतलेलें काम शेवटास न्यावयास लावलें, तर घर डोंगरांत असो वा किनाऱ्यावर, त्या मुलांची समुद्रावर जाण्याची अर्धी तयारी घरींच झाली म्हणावयाची.