पाण्याचीही वही ठेवूया

मैत्रिणींनो, गटात आपण एकेका रुपयाचा हिशोब ठेवतो. मग विहिरीतल्या पाण्याचा का नको?

राजस्थान आणि गुजरातमध्ये २०१२ साली ‘मारवी’ हा संशोधन प्रकल्प सुरू झाला. भारतीय आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी गावातल्याच स्त्री-पुरुषांना शिकवून ‘भूजल जाणकार’ केलं. ते दर आठवड्याला विहिरी मोजायचे, पाऊस नोंदवायचे. त्या आकड्यांवरून शास्त्रज्ञ सांगायचे, किती पाणी मुरलं. मग रब्बीत किती पीक झेपेल, याचा अंदाज गावाला यायचा.

आपल्याकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. बाकीच्या विहिरींची नोंद आपणच ठेवायची.

कसं मोजायचं? कठड्यावर एक खूण करा. सकाळी मोटर सुरू व्हायच्या आधी टेपला वजन बांधून खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. तारीख घालून वहीत लिहा. आकडा वाढला, म्हणजे पाणी खोल गेलं.

बोअरसाठी कर्जाचा अर्ज आला, की ही वही उघडा. आजूबाजूच्या सगळ्याच विहिरी खाली चालल्या असतील, तर नवा बोअर बहुतेक वेळा त्याच पाण्यात वाटेकरी होतो. पाणी आटलं, तरी हप्ता थांबत नाही.