ट्रकचे फिरते घर

ट्रक आपण रोज पाहतो. ट्रक ऊस नेतो, कांदा नेतो. आषाढीच्या वारीत दिंडीचे सामान नेतो. भांडी, धान्य, तंबू सगळे त्यात असते. म्हणजे ट्रक संसार वाहतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

काही लोक याच्या पुढे जातात. जुन्या ट्रकच्या हौद्यावर ते खोली बांधून घेतात. निजायला फळ्या, पाण्याची टाकी, दिवा, पंखा, सारे आत बसवतात. शनिवारी निघायचे, समुद्राकाठी किंवा गडाच्या पायथ्याशी मुक्काम करायचा, रविवारी परतायचे. अशा गाडीला कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले.

बेत चांगला आहे. पण ट्रक बनतो मालासाठी. मालाला श्वास लागत नाही, माणसाला लागतो. म्हणून घाई करू नये. एकेक गोष्ट क्रमाने करावी.

१. आधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याच्या ५२व्या कलमात गाडी बदलण्याविषयी नियम आहे. कंपनीने केलेली मूळ रचना मालकाने मनाने बदलू नये, असे तो सांगतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हेच बजावले. म्हणून पत्रा कापण्याआधी आर.टी.ओ. कचेरीत जा. काय बदलायचे त्याचा नकाशा दाखवा. मंजुरी लेखी घ्या. मंजुरी नाही मिळाली, तर तिथेच थांबा. विमा कंपनीलाही कळवा. न कळवल्यास अपघातानंतर भरपाई अडू शकते.

२. मग सांगाडा

रंगाला भुलू नका. रंगाखाली गंज लपतो. चांगल्या मिस्त्रीला गाडीखाली घाला. चासीला तडा आहे का? पाटे तुटले आहेत का? ब्रेक नीट लागतात का? टायर जुने होऊन चिरले आहेत का? सांगाडा कुजलेला असेल तर वरचे घर व्यर्थ. पाया खचला तर भिंत कशी उभी राहील?

३. वजन

बैलगाडी भरताना आपण काय पाहतो? गाडी धुरजड नको आणि उलारही नको. इथेही तसेच. जड वस्तू खाली ठेवा. दोन्ही बाजूंना वजन सारखे ठेवा. टपावर जड सामान लादले, तर वळणावर गाडी उलटण्याचे भय वाढते.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे २०० लिटरच्या भरल्या टाकीत दोन क्विंटल पाणी झाले. टाकीचे वजन वेगळे. गाडीने जास्तीत जास्त किती वजन न्यावे, ते आर.सी. बुकात लिहिलेले असते. घर तयार झाल्यावर गाडी काट्यावर घाला आणि आकडा ताडून पाहा.

४. हवा आणि आग

ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मामा-भाच्याचे हे बोलणे वाचा.

"मामा, रात्री थंडी वाजली तर कोळशाची शेगडी आत घेऊ का?"

"नको रे बाबा! दार लावून शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि माणूस झोपेतच जातो."

"मग खिडकी उघडी ठेवतो."

"तरी नको. शेगडी बाहेरच. आणि इंजीन चालू ठेवूनही निजायचं नाही. त्याच्या धुरातही तोच वायू असतो."

"आणि गॅसचा सिलिंडर?"

"स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड. गळला की खाली साठतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा बाहेरून उघडणारा हवा. आतल्या बाजूनं पक्का बंद, आणि तळाला बाहेर हवा जायला भोक. गाडी चालू असताना गॅस बंद."

मामाचे बोलणे खरे आहे. खोलीत समोरासमोर दोन खिडक्या ठेवा. एक दार आतून सहज उघडणारे हवे. पत्रा उन्हात तापतो, म्हणून आतून लाकडी पट्ट्या मारून त्यावर प्लायवूड बसवा. मधल्या पोकळीमुळे उष्णता कमी येते. थर्माकोल मात्र लावू नका, तो लवकर पेटतो.

५. रस्ता

प्रवासात मागच्या फळीवर कोणी निजू नये. प्रत्येकाने आसनावर बसून पट्टा लावावा. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नये, इंजीन बंद करू नये. खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरावे. नुसत्या ब्रेकवर उतरले, तर ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात.

हे सारे जमले, तर जुना ट्रक घरच्यांना चार नव्या जागा दाखवील. घरचे सगळे सुखरूप परतले, तरच सहल गोड.

प्रश्न

१. पत्रा कापण्याआधी कोणत्या कचेरीत जावे?
२. १५० लिटर पाण्याचे वजन किती किलो?
३. बंद खोलीत शेगडी का पेटवू नये?
४. तुमच्या घरात शेगडी किंवा चूल कोठे आहे? तिथला धूर बाहेर जातो का? आज पाहून या.