जखम कोण पाहणार?

पोट सपाट करून घ्यावंसं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. हे आधी सांगते, कारण लाजेपोटीच आपल्याकडच्या बायका ही गोष्ट गावापासून लांब नेतात. अकोल्यात दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचं तसंच झालं. दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. पोटाचे स्नायू फाकलेले, कातडी सुटलेली. नागपुरात केलं तर नात्यात कळेल, म्हणून तिने बँकॉक निवडलं. फिरायला गेलो असं सांगता येतं. ऑपरेशन, हॉटेल, विमानतळावरून ने-आण, सगळं एका पॅकेजात होतं. आमच्या आईने तेव्हा एवढंच विचारलं होतं, "त्या डॉक्टरले मंग इथं आनता येईन काय वं?"

ऑपरेशन नीट झालं. परत आल्यावर काही आठवड्यांनी टाक्यांच्या रेषेवर लाल गाठ आली, मग ती फुटून पाणी गळू लागलं. तिकडच्या क्लिनिकला मेल केला की उत्तर यायचं, फोटो पाठवा. इथे दुसऱ्याने केलेल्या ऑपरेशनला हात लावायला सर्जन कचरत होते. ते चुकीचं म्हणता येणार नाही. आत कोणता धागा वापरला, स्नायू कसे शिवले, काहीच कळायला मार्ग नव्हता. हातात फक्त डिस्चार्ज कार्ड होतं. अँटिबायोटिक बदलून बदलून दिली, गुण येईना. शेवटी एका सर्जनने पू वेगळ्या कल्चरसाठी पाठवला, तेव्हा क्षयरोगाच्या जंतूंच्या भाऊबंदांपैकी एक जंतू निघाला. हे जंतू पाण्यात, मातीत असतात, नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत आणि दोन-तीन औषधं मिळून महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. तो नेमका कुठून आला हे सिद्ध झालं नाही. पण २०१३-१४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अशाच शस्त्रक्रिया करून अमेरिकेत परतलेल्या बायकांमध्ये हेच दुखणं तिथल्या आरोग्य यंत्रणेला आढळलं होतं. म्हणून ऑपरेशननंतरची जखम वाहतच राहिली तर या जंतूंची, म्हणजे 'एनटीएम'ची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. आमचे बरेच दिवस यातच गेले.

खर्च सगळा घरचा. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया मेडिक्लेममध्ये बसत नाही. अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरची दुरुस्ती तेवढी बसते. दादही मागता येईना. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. इथल्या डॉक्टरकडे कागद मागितले तर ७२ तासांत द्यावेत असा नियम आहे. पण परदेशी क्लिनिकविरुद्ध अकोल्यात निकाल मिळाला, तरी तो तिकडे अंमलात कसा आणायचा?

याचा अर्थ जवळचं ते चांगलं, असा मुळीच नाही. मे २०२२ मध्ये बंगळुरूत चेतना राज ही अवघ्या एकवीस वर्षांची कन्नड अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला केस लावण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल स्पष्ट सांगावं लागलं, की कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. बोर्डावर 'कॉस्मेटिक' लिहायला कुणालाही अडवलं जात नाही. डॉक्टरकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी आहे का, हे विचारा. नोंदणी क्रमांक घेऊन महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तपासा. भूल देणारा डॉक्टर शेवटपर्यंत हजर असेल का, आणि त्याच इमारतीत आयसीयू आहे का? एका बैठकीत किती चरबी काढणार? पाच लिटरच्या वरचा आकडा सांगितला तर उठून या. या सगळ्या कसोट्यांना उतरणारा डॉक्टर अमरावती-अकोल्यात भेटला तर उत्तम, नाहीतर नागपूर. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून सकाळी गाडीत बसलं की जखम दाखवून संध्याकाळी घरी येता येतं.

ऑपरेशनसाठी हंगाम दिवाळीनंतरचा धरा. पोटाला घट्ट पट्टा कित्येक आठवडे बांधावा लागतो, आणि अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तो सोसवत नाही. घामाने टाके चिघळतात. घरात निदान एका माणसाला खरं माहीत असू द्या. बहिणीने सासूपासून लपवलं आणि जड वस्तू उचलू नकोस असं सांगितलेलं असताना तिला पाण्याच्या कळश्या उचलाव्या लागल्या.

तरीही परदेशातच करायचं असेल, तर लगेच विमानात बसू नका. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर लांबच्या प्रवासात पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. कधी निघायचं हे तिथल्या सर्जनकडून लेखी घ्या. सविस्तर ऑपरेशन नोट इंग्रजीत हातात आल्याशिवाय क्लिनिक सोडू नका. शरीरात काही बसवलं असेल तर त्याचं स्टिकरही घ्या. आणि तिकीट काढण्याआधी इथल्या एका प्लास्टिक सर्जनला भेटून विचारा, की परत आल्यावर मला तपासाल का. त्याची फी भरा, केसपेपर काढा, आणि तो नाही म्हणाला तर हो म्हणणारा दुसरा सापडेपर्यंत थांबा.