रेषेवरचा अंगठा

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे. परवा तिचा पहिला फ्री थ्रो आत गेला. तेव्हा प्रतिस्पर्धी मुलगी चेंडू सुटण्याआधीच पुढे घुसली, तरी पंच गप्प! दुसराही गेला, पण अंगठा रेषेला लागला म्हणून गुण रद्द. हा पक्षपात नाही का?
– एक पालक, सांगली

उत्तर : नाही, आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या (‘फिबा’च्या) नियमांनुसार दोन्ही निर्णय बरोबर आहेत. फ्री थ्रोची रेषा पुढच्या निषिद्ध क्षेत्राचाच भाग असते, त्यामुळे रेषेला स्पर्श म्हणजे आत पाऊल. चेंडू रिंगला लागेपर्यंत किंवा बास्केटमध्ये जाईपर्यंत फेकणाऱ्याने मागेच थांबायचे. चुकला तर गुण नाही. इतरांची घुसखोरी मात्र चेंडू आत गेला की सोडून दिली जाते. नेम हुकला असता, तर त्याच घुसखोरीमुळे तुमच्या मुलीला पुन्हा फेकायला मिळाले असते. बाहेरून हे अन्यायाचे वाटते खरे!

तिला रेषेपासून चार बोटे मागे उभे राहायची सवय लावा. पण घुटमळू नये; चेंडू हाती आल्यावर 5 सेकंदांत सोडावा लागतो. शंका असल्यास खेळ थांबलेला असताना कर्णधाराने पंचांना नम्रपणे विचारावे. प्रेक्षकांतून तुम्ही ओरडू नका.